चार सूर आणि तळ्यावरचा धूर

दोस्तांनो, गेला महिनाभर आमच्या इमारतीत एक भांडण चाललं होतं. भांडणाचं कारण एक गिटार!

त्याचं झालं असं. आमच्या वरच्या मजल्यावर एक दादा राहतो. यंदा नववीत आहे. दिवाळीत त्याच्या मामानं त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. बरोबर आवाज मोठा करणारा छोटासा अ‍ॅम्प्लिफायर. झालं! तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा ते सात आमच्या डोक्यावर एकच सुरावट. संपली की पुन्हा तीच. पुन्हा संपली की पुन्हा तीच. पेपरवाला जिना उतरताना तीच गुणगुणायला लागला. आमचा कुकरसुद्धा त्याच तालावर शिट्ट्या देतोय की काय, असा मला संशय यायला लागला.

तळमजल्यावर एक आजोबा राहतात. जन्मभर भजनाला पेटीची साथ केलेले. त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. म्हणाले, "मुलानं वाजवावं, माझी काही ना नाही. पण वाजवायचं तर गाणं वाजवावं! हे काय, चार सूर घेऊन नुसतं दळण दळतोय."

आणि एका संध्याकाळी सहा वाजले तरी वरून आवाज आला नाही. साडेसहाला दाराची बेल वाजली. दारात दादा. तोंड एवढंसं झालेलं.

"काका, मी गिटार सोडतोय."

"का रे? आजोबा रागावले म्हणून?"

"नाही हो. क्लासमधली मुलं हसतात. म्हणतात, हे तर पहिल्या दिवशीच शिकवतात. सगळ्यांनाच येतं. जरा अवघड काही तरी वाजव की!"

"तू वाजवतोस ते गाणं कुणाचं आहे, ठाऊक आहे का?"

"हो. डीप पर्पल बँडचं. 'स्मोक ऑन द वॉटर'."

"आणि ते तयार कसं झालं?"

दादानं मान हलवली. मी म्हटलं, "मग बस. लाडू खा. आणि ही गोष्ट ऐक. त्यानंतर गिटार सोडायची की नाही, ते तूच ठरव."

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आवाज फाटला पाहिजे!

गोष्ट सुरू करण्याआधी हार्ड रॉक म्हणजे काय, ते बघू. गणपतीच्या मांडवातला कर्णा कुणी फार मोठा केला की काय होतं? आवाज फाटतो. आपण कानांवर हात ठेवतो आणि ओरडतो, "अरे, कमी करा!" हार्ड रॉकवाले मात्र म्हणतात, "थांबा, हेच तर हवंय!" इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम एवढा वाढवायचा, की सूर खरखरीत व्हावा, जाडजूड व्हावा. त्याच्याखाली बेस गिटारचा घुमारा, मागे ड्रमचा दणका आणि वर भरदार आवाजाचा गायक. झालं हार्ड रॉक.

डीप पर्पल हा या संगीतातला इंग्लंडचा नावाजलेला बँड. १९७१ साली त्यात पाच जण होते. गायक इयान गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयान पेस आणि ऑर्गनवर जॉन लॉर्ड. हा लॉर्ड भारी कल्पक माणूस! ऑर्गन हे खरं तर चर्चमधलं, शांत, गंभीर वाद्य. त्यानं आपला इलेक्ट्रिक ऑर्गन गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि त्याचाही आवाज फाडला. सगळे वयानं तेवीस ते तीसच्या आतबाहेर. म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या मामा-काकांएवढे, फार तर थोडे मोठे.

त्यांना नवी एल.पी. करायची होती. एल.पी. म्हणजे मोठी तबकडी. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटांचं संगीत मावतं. पण नेहमीच्या स्टुडिओत त्यांचं मन रमेना. स्टुडिओच्या भिंतींना आवाज शोषून घेणारं अस्तर असतं. आवाज स्वच्छ येतो, पण रंगमंचावरची मजा त्यात उतरत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, की खऱ्याखुऱ्या सभागृहातच रेकॉर्डिंग करायचं.

पण सभागृहात रेकॉर्डिंगची यंत्रं कुठून येणार? त्यावरही उपाय होता. रोलिंग स्टोन्स नावाच्या दुसऱ्या एका बँडनं एका ट्रकमध्ये अख्खा स्टुडिओ बसवून घेतला होता. तो ते इतरांना भाड्यानं देत. ट्रक दाराशी उभा करायचा, तारा आत सोडायच्या, की कुठल्याही खोलीचा स्टुडिओ तयार! आपल्याकडे लग्नात जनरेटरची गाडी मांडवाबाहेर उभी राहते ना, तसंच काहीसं.

सभागृहही ठरलं. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचं टुमदार गाव आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला निळंशार तळं. तिथल्या कॅसिनोत एक मोठं सभागृह होतं. हिवाळ्यात कॅसिनो बंद होणार होता. म्हणजे सभागृह आपलंच! फक्त त्याआधी तिथे एक शेवटचा कार्यक्रम व्हायचा होता. तो संपला, की दुसऱ्या दिवसापासून डीप पर्पलनं सामान लावायचं.

तो शेवटचा कार्यक्रम झाला ४ डिसेंबर १९७१ ला.

सभागृहात सुटलेला बाण

कार्यक्रम होता फ्रँक झॅपा या अमेरिकी संगीतकाराचा आणि त्याच्या बँडचा. दुपारची वेळ. सभागृह तरुण मुलामुलींनी भरलेलं. डीप पर्पलची मंडळीही ऐकायला आली होती.

कार्यक्रम रंगात आला आणि प्रेक्षकांतल्या कुणा एकानं फ्लेअर पिस्तूल उडवलं. समुद्रात जहाज अडचणीत सापडलं, तर मदत मागण्यासाठी आकाशात पेटता गोळा सोडतात. तो सोडायचं हे पिस्तूल. ते त्यानं सभागृहात, छताच्या दिशेनं उडवलं! दिवाळीतला बाण घरात सोडावा, तसाच हा प्रकार. आणि छताला होतं वेताचं आवरण. वाळलेला वेत तो! पेट घ्यायला कितीसा वेळ लागणार?

झॅपानं संगीत थांबवलं आणि लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. लोक बाहेर पडू लागले. पण आग भराभर पसरत होती. अशा वेळी क्लोद नोब्ज नावाचा माणूस पुन्हा पुन्हा आत शिरत होता आणि आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढत होता. हा नोब्ज कुणी अग्निशमन दलाचा जवान नव्हता बरं का. तो शिकला होता स्वयंपाकाचं काम आणि नोकरी करत होता गावाच्या पर्यटन कार्यालयात. संगीताच्या वेडापायी त्यानं १९६७ साली माँत्रोत जॅझ महोत्सव सुरू केला होता. डीप पर्पलच्या मुक्कामाची व्यवस्थाही त्याच्याकडेच होती.

त्या दिवशी एकाचाही जीव गेला नाही. एवढ्या मोठ्या आगीत हे केवढं नशीब! पण कॅसिनो मात्र पार जळून गेला. झॅपाच्या बँडची वाद्यंही आत राहिली ती राहिलीच.

डीप पर्पलची मंडळी हॉटेलच्या खिडकीतून पाहत होती. ज्या सभागृहात उद्यापासून वाजवायचं, ते डोळ्यांदेखत जळत होतं. डोंगरावरून वारा सुटला होता. त्या वाऱ्यानं धूर खाली लोटला आणि तो तळ्याच्या पाण्यावर चादरीसारखा पसरला.

पोलीस दाराशी, रेकॉर्डिंग सुरूच!

विचार करा. ट्रक आलाय. वाद्यं आलीत. ट्रकचं भाडं चालू आहे. आणि वाजवायला जागाच नाही!

नोब्जनं धावपळ करून गावातलंच एक जुनं नाट्यगृह मिळवून दिलं. नाव पॅव्हिलियन. मंडळींनी सामान लावलं. ब्लॅकमोर आणि पेस यांनी एक सुरावट बसवायला घेतली होती. रॉक संगीतात अशा छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीला 'रिफ' म्हणतात. हा रिफ अवघ्या चार सुरांचा होता. गाण्याला अजून नाव नव्हतं, शब्द नव्हते. म्हणून त्यांनी तात्पुरतं नाव दिलं, 'शीर्षक क्रमांक एक'.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. रेकॉर्डिंगची फीत रुंद असते आणि तिच्यावर शेजारी शेजारी अनेक पट्टे असतात. हमरस्त्यावर गाड्यांच्या रांगा असतात ना, तशा. एका पट्ट्यावर ड्रम, एकावर बेस, एकावर गिटार. गायकाचा पट्टा रिकामा ठेवायचा. वाद्यं आज वाजवा, शब्द सुचतील तेव्हा सुचोत, गायक नंतर येऊन आपला पट्टा भरून देईल! शब्द नसतानाही 'शीर्षक क्रमांक एक'चं रेकॉर्डिंग होऊ शकलं, ते यामुळे.

पण पॅव्हिलियन होतं गावाच्या मध्यात आणि वेळ होती रात्रीची. आसपासची माणसं दचकून उठली. तक्रारी गेल्या. (हे ऐकताना दादा गालातल्या गालात हसला. त्याला तळमजला आठवला असणार.) पोलीस आले आणि दार ठोठावू लागले. आत वादन ऐन रंगात. मध्येच थांबलं तर सगळी मेहनत फुकट! मग बँडचं सामान वाहणाऱ्या गड्यांनी काय करावं? त्यांनी आतून दार दाबून धरलं! बाहेरून पोलीस ढकलतायत, आतून गडी रेटतायत आणि पलीकडे वादन चालूच आहे. शेवटचा सूर वाजला, तेव्हाच दार उघडलं.

पोलिसांनी अर्थातच त्यांना तिथून बाहेर काढलं. पुन्हा जागेचा शोध! हाती काय होतं? शब्द नसलेलं एक वादन. बस्स.

बालमित्रांनो, पोलिसांपुढे दार दाबून धरण्याचा कित्ता तुम्ही गिरवू नका. रात्री झोपमोड झालेल्या माणसांचीही एक बाजू असते.

गाद्यांचा स्टुडिओ

बरेच दिवस भटकल्यावर गावाबाहेर ग्रँड हॉटेल सापडलं. नाव ग्रँड, पण हिवाळ्यासाठी बंद पडलेलं. आत माणूस नाही आणि थंडी मी म्हणतेय. मंडळींनी तळमजल्यावरच्या बोळासारख्या मार्गिकेत वाद्यं मांडली. आवाज फार घुमू नये म्हणून हॉटेलातल्याच गाद्या आणल्या आणि भिंतींना टेकवून उभ्या केल्या. ट्रक दाराबाहेर उभा राहिला, तारा आत आल्या.

पण ट्रकपर्यंत जायची वाट काय विचारता! या खोलीतून त्या खोलीत, तिथून गॅलरीत, एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत, वर बाहेरची थंडी. आपण काय वाजवलं ते ट्रकमध्ये जाऊन ऐकायचं, तर दर वेळी ही यात्रा करायची. शेवटी मंडळींनी जाणंच कमी केलं. वाजवायचं, एकमेकांकडे बघायचं आणि "जमलं!" असं वाटलं की पुढे जायचं. आवाज नीट उतरतोय ना, याची काळजी ट्रकमधला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च घेत होता. पाहता पाहता सगळं रेकॉर्डिंग २१ डिसेंबरपर्यंत आटोपलं. म्हणजे आग लागल्यापासून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

पण मोजदाद केली, तर एल.पी. भरायला काही मिनिटं कमी पडत होती. आता काय करायचं? नवं गाणं रचायला वेळ नाही. तेव्हा कुणाला तरी ते पॅव्हिलियनमधलं वादन आठवलं. 'शीर्षक क्रमांक एक'! चला, त्यावर शब्द घालू आणि जागा भरून काढू.

म्हणजे हे भरतीचं गाणं! वहीची पानं उरली म्हणून निबंध लांबवावा, तसं.

शब्द कसले घालायचे? आगीनंतर थोड्याच दिवसांत रॉजर ग्लोव्हरच्या बाबतीत एक गंमत घडली होती. पहाटे अर्धवट झोपेत असताना त्याच्या तोंडून आपोआप तीन-चार शब्द निघाले. पाण्यावरचा धूर. जागा झाला तेव्हा हॉटेलच्या खोलीत तो एकटाच होता. आपण खरंच मोठ्यानं बोललो की काय, हेही त्याला कळेना. त्यानं ते शब्द गिलनला सांगितले. गिलनला आधी काही ते पटले नाहीत. लोक या नावाचा भलताच अर्थ काढतील, अशी त्याला शंका. पण आता शब्द हवेच होते. मग दोघं बसले आणि जे घडलं, ते घडलं तसं लिहून काढलं.

त्यात उपमा नाहीत, अलंकार नाहीत. आम्ही तळ्याकाठच्या गावी रेकॉर्डिंगला आलो, सभागृहात आग लागली, क्लोदनं मुलांना वाचवलं, आमची जागा गेली, मग एका थंडगार रिकाम्या हॉटेलात आम्ही काम उरकलं. बस्स, एवढंच! सहलीहून आल्यावर तुम्ही वहीत लिहिता ना, 'सकाळी सातला बस निघाली, वाटेत टायर पंक्चर झालं', अगदी तसं. गिलननं आपला रिकामा पट्टा भरला आणि गाणं पूर्ण झालं.

आणि सिंगल निघाली...

एल.पी. मार्च १९७२ मध्ये आली. नाव 'मशीन हेड'. गिटारच्या ज्या खुंट्या पिळून तारा सुरात लावतात, त्यांना इंग्रजीत असं म्हणतात.

त्या काळात मोठ्या तबकडीबरोबर एक छोटी तबकडीही काढत. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन्ही बाजूंना एकेकच गाणं. तिचं नाव 'सिंगल'. ती स्वस्त असे आणि रेडिओवाले तीच वाजवत. म्हणून आपलं सगळ्यांत चांगलं गाणं सिंगलसाठी निवडायचं, हा रिवाज. डीप पर्पलनं कुठलं निवडलं असेल?

चुकलात! त्यांनी 'नेव्हर बिफोर' नावाचं दुसरंच गाणं निवडलं. हेच चालणार, अशी त्यांची खात्री होती. ते काही फारसं चाललं नाही. भरतीच्या गाण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

लक्ष गेलं ते ऐकणाऱ्यांचं. बँड जिथे जिथे कार्यक्रम करायचा, तिथे हे गाणं गाजायला लागलं. ऑगस्ट १९७२ मध्ये ते जपानमध्ये वाजवलं, त्याचंही रेकॉर्डिंग झालं. शेवटी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीनं मे १९७३ मध्ये त्याची सिंगल काढली. मूळ गाणं साडेपाच मिनिटांहून मोठं. एवढं लांब गाणं रेडिओ कसं वाजवणार? म्हणून ते कापून चार मिनिटांच्या आत बसवलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय होतं, माहीत आहे? तेच गाणं! पण जपानच्या रसिकांसमोर वाजवलेलं.

सिंगल अमेरिकेच्या यादीत वर वर चढत चौथ्या क्रमांकावर पोहोचली. ही गोष्ट १९७३ च्या उन्हाळ्याची. पण गंमत पाहा. शब्द लिहिणारे गिलन आणि ग्लोव्हर यांनी तोवर बँड सोडला होता. जूनच्या अखेरीस जपानमध्येच त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला होता. गाणं यशाच्या जिन्यावर चढत होतं, तेव्हा ते लिहिणारे जिना उतरून गेलेले! (पुढे १९८४ साली ते परत आले. हे दोघं आणि पेस यांनी २०२४ सालीसुद्धा डीप पर्पलचा नवा अल्बम काढला.)

आणि तो जळालेला कॅसिनो? तो १९७५ साली पुन्हा उभा राहिला. त्यातच चक्क एक रेकॉर्डिंग स्टुडिओ झाला. काही वर्षांनी तो क्वीन या बँडनं विकत घेतला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शाळेत कुठे होता, सांगा पाहू? आपल्या पाचगणीला! त्याचा पुतळा आज त्याच तळ्याकाठी उभा आहे.

खरी परीक्षा

गोष्ट संपली. लाडूही संपले. दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनाच कळलं नव्हतं, की हे चांगलं आहे?"

"नव्हतं. सोपं होतं ना! चारच सूर. जे पाहिलं, तेच शब्दांत. त्यांना वाटलं, जागा भरायला ठीक आहे. बरं, आता एक सांग. तू ते वाजवतोस कसं?"

"कसं म्हणजे? गिटारच्या पिकनं. सगळे वाजवतात तसं."

"ब्लॅकमोर पिकनं नाही वाजवत. तो दोन तारा दोन बोटांनी एकाच वेळी छेडतो. दोन्ही सूर एका क्षणी उमटले पाहिजेत. पिकनं घासलं की एक तार आधी वाजते, दुसरी नंतर. आणि त्या दोन तारा म्हणजे कुठले सूर, तेही ऐकून बघ."

दादा वर पळाला. पाच मिनिटांनी आवाज आला. मग थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. कुठे तरी चुकत होतं. इतके दिवस "येतंय" म्हणून वाजवत होता, ते येतच नव्हतं! साडेसात वाजले तरी तो पहिल्या तीन सुरांवरच होता.

आणि आमच्या तळमजल्यावरचं दार उघडलं. आजोबा काठी टेकत जिना चढून आले. मला वाटलं, आता झालं भांडण! पण आजोबा थेट वर गेले. मीही मागोमाग.

आजोबा म्हणाले, "बाळ, आज काही तरी वेगळं वाजतंय. पहिला तो जोड पुन्हा वाजव."

दादानं दोन तारा बोटांनी छेडल्या.

"अरे, खाली पंचम आणि वर षड्ज! हा तर आमच्या तंबोऱ्याचा जोड. पुढचे सूर एकेक करून वाजव."

दादा वाजवत गेला, आजोबा बोटं मोजत म्हणाले, "सा. कोमल गंधार. शुद्ध मध्यम. आणि हा तीव्र मध्यम. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी! चारच सूर घेतलेत, पण निवडून घेतलेत हो."

मित्रांनो, तुमच्या घरी पेटी असेल, तर पांढरी पाच हा 'सा' धरा आणि हे चार सूर शोधून पाहा. ताई-दादाकडून मूळ गाणंही ऐका. आधी एकटी गिटार, मग ड्रमवरच्या झांजा, मग एकामागून एक बाकीची वाद्यं आणि सगळ्यांत शेवटी बेस. ढोल पथकात आधी ताशा तडतडतो आणि मग ढोल पडतात, तेव्हा अंगावर काटा येतो ना? तीच युक्ती आहे.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. घरात कुणी एकच ओळ, एकच सूर, एकच चित्र पुन्हा पुन्हा गिरवत असेल, तर लगेच "दुसरं काही येत नाही का?" असं विचारू नका. कदाचित ते मूल पहिल्यांदाच नीट ऐकायला लागलं असेल.

आमच्या इमारतीतलं भांडण मिटलंय. सहा ते सात ही वेळ दोन्ही पक्षांना मान्य आहे. अट एकच, सोसायटीच्या सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतलेली : शनिवारी पेटीसुद्धा वर जाईल. गेल्या शनिवारी गेली होती. दादाच्या क्लासमधली दोन मुलं ऐकायला आली होती. ती हसली नाहीत. एकानं तर जाताना विचारलं, "ते बोटांनी कसं करतोस, दाखव ना."

आता तुमचं काम. या आठवड्यात तुमचा एखादा बेत फसला असेल, तर तो वहीत लिहून काढा. सजवू नका. जे घडलं, ते घडलं तसं. आठ-दहा ओळी पुरेत. लिहून झालं की आम्हाला पाठवा. आणि "हे काय, साधंच तर आहे" असं वाटलं, तर फाडून टाकण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा.

अच्छा, भेटू पुढच्या आठवड्यात!

— तुमचा काका